हौशे, नवशे, गवशे आणि खाणीतला अंधार

उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत शिशाच्या जुन्या खाणी आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं काम थांबून शंभराहून जास्त वर्षं झाली. अशा एखाद्या बोगद्यातून घोटाभर पाण्यात वाकून बराच वेळ चालत गेलं, की कधी कधी बाजूला कोरडा फाटा फुटतो आणि जमिनीवर घट्ट झालेल्या चिखलाचा एक सपाट पट्टा दिसतो. त्या चिखलात पाऊल उमटलेलं असतं. बूट लाकडी तळव्याचा, तळव्याच्या कडेनं घोड्याच्या नालेसारखी लोखंडी पट्टी. पट्टीच्या खिळ्यांच्या खळग्याही मोजता येतात. आणि त्या पावलाभोवती कुणीतरी चार-सहा दगड मांडून ठेवलेले असतात, मध्ये पाय पडू नये म्हणून. पुढे जाणारा माणूस भिंतीला पाठ घासत, अंग चोरून त्या दगडांबाहेरून जातो.

पाऊल खाणकामगाराचं. दगड मात्र सरकारी खात्यानं मांडलेले नसतात. ते मांडतो आठवडाभर नोकरी करून रविवारी स्वखर्चानं जमिनीखाली उतरलेला एखादा वायरमन, एखादी शिक्षिका, एखादा निवृत्त कारकून. बंद पडलेल्या खाणीत हौसेनं उतरणं हा ब्रिटनमधला चांगला मुरलेला छंद आहे. डर्बीशायरच्या डोंगरांतल्या खाणींचा इतिहास जपणारी पीक डिस्ट्रिक्ट माइन्स हिस्टॉरिकल सोसायटी १९५९ सालची, नॉर्दर्न माइन रिसर्च सोसायटी त्यानंतर वर्षभरातली. अशा मंडळांची देशव्यापी संघटनाही १९७९ पासून आहे.

हे ऐकून आपल्याकडचा शहाणा माणूस विचारेल, की सुखाचा जीव दुःखात घालायची ही कसली हौस? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून झटकता येणार नाही. जत्रेला तीन तऱ्हेची माणसं येतात असं आपण म्हणतो: हौशे, नवशे आणि गवशे. हौशे मजेसाठी येतात, नवशे काही बोलून फेडायला येतात, आणि गवशांचा डोळा गर्दीत हाताला काय लागतंय यावर असतो. जुन्या खाणींच्या तोंडाशीही हेच तिघे उभे असतात. माझं म्हणणं एवढंच, की हौशाला तिथे जायचा अधिकार जन्मतः मिळत नाही. तो नवशा झाला, म्हणजे पाहिलेलं मोजून, टिपून, नकाशावर उतरवून परत देऊ लागला, तर मिळतो. आणि खाणींची तोंडं सरसकट बुजवणाऱ्या व्यवस्थेला या तिघांतला फरकच कळलेला नसतो.

आधी तिथे पाहण्यासारखं असतं तरी काय? वायव्य वेल्समध्ये ब्लायनाउ फेस्टिनिऑगच्या आसपास पाटीच्या दगडाच्या, म्हणजे स्लेटच्या, भुयारी खाणी आहेत. युरोपातल्या कितीतरी शहरांची छपरं या दगडानं शाकारली गेली. क्रोयसोर आणि रोसिद या तिथल्या दोन शेजारच्या खाणी १९३० साली बंद पडल्या. आज कसलेले शोधक एकीतून आत शिरतात आणि डोंगराच्या पोटातून, दोरांवरून उतरत, पाण्यानं भरलेली दालनं ओलांडत, कुजलेल्या पुलांच्या सांगाड्यांवरून दुसरीतून बाहेर पडतात. ही दालनं इतकी मोठी, की डोक्यावरच्या दिव्याचा झोत समोरच्या भिंतीपर्यंत पोचता पोचता विरून जातो.

पण आकारानं दिपून जाण्याआधी ही दालनं कशी कोरली गेली ते समजून घ्यायला हवं. कामगार वरून सोडलेल्या साखळीचा वेढा मांडीला देऊन उभ्या कड्याला लटकायचा आणि मेणबत्तीच्या उजेडात सुरुंगाची भोकं पाडायचा. मेणबत्ती त्याच्या पैशाची, सुरुंगाची दारूही त्याच्याच पैशाची. दर महिन्याला कारभाऱ्याशी दगडाच्या त्या तुकड्याचा सौदा ठरायचा. सौदा चुकला तर महिनाभर राबूनही हाती फार काही उरायचं नाही. रोसिदसारख्या आडरानातल्या खाणीचे कामगार आठवडाभर तिथल्याच बराकींत राहायचे. दुपारच्या सुट्टीत जेवणाच्या खोलीत, तिला ‘कॅबन’ म्हणत, राजकारणावर, धर्मावर, कवितेवर वाद रंगायचे. आणि फुप्फुसांत साठणारी दगडाची धूळ पुढे म्हातारपण येऊ द्यायची नाही.

पहिला आणि सर्वांत टोकदार आक्षेप इथूनच निघतो. ज्या अंधारात माणसं पोटासाठी उतरली, तिथे आपण करमणुकीसाठी उतरायचं? कामगाराला खाली जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, तुम्ही मात्र सुट्टी काढून, महागडं हेल्मेट घालून, संध्याकाळी गरम पाण्यानं अंघोळ करायच्या हिशेबानं जाता. या आक्षेपात दम आहे. खाणीत जाऊन नुसतं ‘काय भव्य!’ म्हणून परतणारा माणूस कामगाराच्या कष्टांचा देखावा करतो हे मला मान्य आहे.

पण मग आदर दाखवायचा तरी कसा? तोंड बुजवून टाकलं की आदर होतो का? आपल्याकडच्या किल्ल्यांचं उदाहरण घ्या. गड राजाच्या, फार तर किल्लेदाराच्या नावानं ओळखला जातो. ज्या पाथरवटांनी टाकी खोदली त्यांचं नाव कुठे नसतं. तरीही सह्याद्रीतल्या आडबाजूच्या गडांवरचं टाकं, चोरवाट, ढासळलेला दरवाजा आज आपल्याला ठाऊक असतो, तो बराचसा भटक्यांमुळे. गोनीदांसारख्यांनी पायपीट करून लिहिलं, पुढच्या पिढ्यांनी मापं घेतली, नकाशे काढले. अभ्यासक नंतर आले. खाणीत तर राजाचं नावही नसतं. तिथली पोकळी हेच कामगाराच्या हातांचं काम, त्याच्या मजुरीचा सगळ्यात मोठा पुरावा. भिंतीवर मेणबत्तीच्या काजळीनं लिहिलेलं नाव, तारीख, भरलेल्या गाड्यांच्या रेघा, हे कुणी वाचावं असं लिहिणाऱ्याला वाटलं नसेल असं मला म्हणवत नाही.

डर्बीशायरच्या शिसेखाणींत एक सुंदर शब्दप्रयोग आहे: ‘टौड मॅन’. शब्दशः ‘म्हातारा’. हा म्हातारा म्हणजे आधी होऊन गेलेले सगळे खाणकामगार, आणि त्यांनी करून ठेवलेलं जुनं कामसुद्धा. नव्या कामगाराची कुदळ जुन्या पोकळीत घुसली की तो म्हणे, ‘म्हाताऱ्याला गाठलं.’ माणूस आणि त्याचं काम यांना एकच नाव देणारा हा शब्द आजचे छंदी शोधकही वापरतात. ज्याच्या तोंडी तो नुसता ऐटीचा राहतो तो हौशा. ज्याला त्या म्हाताऱ्याचं काही देणं लागतो असं वाटतं तो नवशा.

दुसरा आक्षेप जिवाचा. २०११ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या नेवाडात एक तरुण बंद खाणीच्या उघड्या शाफ्टमध्ये, म्हणजे उभ्या विवरात, सुमारे १९० फूट खाली पडला. बचाव पथकानं आत कॅमेरा सोडला. त्यात तो तरुण जिवंत दिसत होता. पण शाफ्टच्या भिंती ढासळत होत्या, खाली उतरणाऱ्यांच्या डोक्यावर दगड येत होते. शेवटी प्रयत्न थांबवावे लागले आणि तो तिथेच गेला. ही हकिकत वाचल्यावर ‘धाडस’ हा शब्द तोंडात यायला कचरतो.

खाणीतला धोका डोंगरातल्या धोक्यासारखा समोर दिसत नाही, हे नवख्याला कळत नाही. नैसर्गिक गुहा हजारो वर्षांत आपापली बसलेली असते. खाण माणसानं घाईत, खर्च वाचवत खोदलेली असते. धातूची शीर उभी असली की कामगार वर वर खोदत जात आणि भिंतींत लाकडं ठोकून त्यांवर टाकाऊ दगड रचत. दीडशे वर्षांनी आपण ज्या ‘जमिनी’वरून चालतो, ती कधी कधी कुजलेल्या लाकडांवर तोललेला दगडांचा ढीग असते, आणि तिच्याखाली तीसेक मीटरची पोकळी. काही ठिकाणी हवेतला प्राणवायू कुजणारं लाकूड आणि गंजणारी खनिजं खाऊन टाकतात. तिथे वास येत नाही, घुसमट जाणवत नाही, माणूस गुडघ्यावर येतो तेव्हाच कळतं. साचलेलं पाणी ढवळलं की विषारी वायू सुटू शकतो. विसरून गेलेल्या डायनामाइटच्या कांड्यांतून नायट्रोग्लिसरीन पाझरलेलं असू शकतं. कोळशाच्या खाणीत मिथेनही असतो, म्हणून जाणते शोधक बंद कोळसा खाणींच्या वाट्याला सहसा जात नाहीत. बाकीच्या खाणींतही ते एकटे उतरत नाहीत, हवा मोजणारं यंत्र आणि जादा दिवे बाळगतात, किती वाजेपर्यंत परत आलो नाही तर कुणाला बोलवायचं हे वर सांगून ठेवतात. ब्रिटनमध्ये ही हाक ऐकून येणारे बचाव स्वयंसेवक बहुतेक याच छंदातले असतात. आपली चूक निस्तरायला आपलाच मित्र जीव धोक्यात घालणार आहे, ही जाणीव कुठल्याही पाटीपेक्षा जास्त शिस्त लावते.

मग सोपा उपाय काय? काँक्रीट ओता, विषय संपवा. इथे मी थांबतो, कारण बुजवलेली खाण सुरक्षित झालेली नसते, ती फक्त विसरली जाते. विसरलेल्या खाणी माणसं मारतात, हे आपल्याला तरी नव्यानं सांगायला नको. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या बंद पडलेल्या कामातलं पाणी फुटून खाली कोसळलं. सरकारी आकड्यानुसार ३७२ कामगार बुडाले. ‘काला पत्थर’ पाहिलेल्या पिढीला ती घटना पडद्यावरून माहीत आहे. वेल्समधल्या ग्लिजन खाणीत सप्टेंबर २०११ मध्ये जुन्या कामातलं पाणी आत घुसून चार जण गेले.

आणि अमेरिकेतली क्विक्रीकची गोष्ट तर या लेखाचा कणाच आहे. जुलै २००२ मध्ये पेनसिल्वेनियातल्या या खाणीत नऊ कामगार शेजारच्या बंद खाणीच्या भिंतीला भिडले. हातातल्या नकाशानुसार ती खाण अजून बरीच लांब असायला हवी होती. नकाशा अपुरा होता. पाणी फुटलं. वरून भोक पाडून, पोलादी पिंजऱ्यातून एकेकाला ओढून तीन दिवसांहून जास्त काळानं नऊही जण वाचवले गेले. पुढे त्या बंद खाणीचा शेवटचा, पूर्ण नकाशा मिळाला तो जवळच्या एका कोळसा-संग्रहालयात. एका दिवंगत खाण निरीक्षकाच्या जुन्या कागदांतून तो तिथे आला होता. कुणाच्या तरी घरच्या कागदांत, मग एका छोट्या स्थानिक संग्रहालयात. जुन्या खाणींची आठवण जगात बहुधा अशाच जागी जपली जाते: ज्यांना ती जपण्याचा पगार मिळत नाही त्यांच्याकडे. ब्रिटननं १८७२ च्या कायद्यानं बंद खाणीचा नकाशा सरकारजमा करणं सक्तीचं केलं. त्याआधीच्या शेकडो वर्षांच्या खोदकामाचं काय? ते मोजायला हातात फीत घेऊन, चिखलातून सरपटत कुणीतरी जावं लागतं.

भिंत आणि काँक्रीट यांना पर्याय आहे, तो कुलपाचा. चेशायरमधल्या अल्डर्ली एजच्या तांब्याच्या खाणींत विसाव्या शतकात अनेक जण दगावले, म्हणून १९६० च्या दशकात त्यांची मुख्य तोंडं बुजवली गेली. पुढच्या दशकात डर्बीशायर केव्हिंग क्लबनं जमिनीच्या मालकाकडून, म्हणजे नॅशनल ट्रस्टकडून, परवानगी मिळवून ती पुन्हा उघडली, दारं बसवली, किल्ल्या आपल्याकडे ठेवल्या. आत कोण, कधी, कुणासोबत जाणार ते क्लब ठरवतो. या छंदिष्टांनी खोऱ्या-घमेल्यांनी दगड उपसत जुनी कामं मोकळी केली, आणि १९९५ मध्ये त्यांना एका विहिरीसारख्या शाफ्टमध्ये मडकं मिळालं. त्यात ५६४ रोमन नाणी होती. ही खाण रोमन काळात चालू होती का, हा वाद त्यानंतर फार काळ टिकला नाही. नाणी कुणाच्या कपाटात गेली नाहीत, हे मला त्या आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं.

त्याच टेकडीची आणखी एक वस्तू आहे: लाकडी फावडं. १८७५ मध्ये खाणकामगारांना ते जुन्या कामात मिळालं आणि कसंकसं गावच्या शाळेत जाऊन पडलं. पुढे प्रसिद्ध लेखक झालेल्या अ‍ॅलन गार्नर यांनी त्या शाळेत शिकताना ते पाहिलं होतं. टाकून दिलं जाण्याआधी त्यांनी ते आपल्याकडे घेतलं, काही दशकं सांभाळलं आणि मँचेस्टरच्या संग्रहालयाला दिलं. कार्बन चाचणीत ते सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचं ठरलं. मधल्या काळात कितीतरी डोळ्यांना ते निव्वळ जळाऊ लाकूड वाटलं असणार. वेल्समधल्या ग्रेट ऑर्म डोंगरावरही तेच. तिथली तांब्याची खाण कांस्ययुगातली असावी ही शक्यता पुढे आणण्यात स्थानिक हौशी शोधकांचा हात होता. आज तिथे किलोमीटरच्या किलोमीटर बोगदे आणि हाडांची हजारो अवजारं ठाऊक आहेत. काही बोगदे इतके अरुंद, की ते लहान मुलांनीच खोदले असणार.

आता गवशांकडे वळू. कार्बाइडचे दिवे, लाकडी तळव्याचे बूट, मेणबत्तीच्या पेट्या, गाडीवरचे बिल्ले, स्फटिक यांना बाजार आहे. वस्तू खाणीतून उचलली की ती वस्तू राहते, पुरावा राहत नाही. कामगारानं सुट्टी झाल्यावर कोट कोणत्या खुंटीला अडकवला, शेवटच्या पाळीला कुदळ कुठे टेकवली, हे खुंटी आणि कुदळ जागेवर असेपर्यंतच वाचता येतं. गवशांची नवी जात कॅमेऱ्यातून येते. तिला वस्तू नको असते, ठिकाण हवं असतं, सगळ्यांच्या आधी दाखवायला. आठवडाभरात तिथे शंभर पावलं पोचतात आणि चिखलातलं ते एक पाऊल पुसलं जातं.

म्हणून जुनी मंडळं जागा गुप्त ठेवतात. हे मला समजतं, पण पूर्ण पटत नाही. गुप्त ठेवलेला नकाशा कपाटात कुजला, तर क्विक्रीकची पुनरावृत्ती व्हायला कितीसा वेळ? जागा सगळ्यांना सांगू नये, पण नकाशा अभिलेखागाराला आणि खाण खात्याला द्यावाच. लपवायचं ते गवशापासून, पुढच्या कामगारापासून नव्हे.

या वादात एक पक्ष बोलू शकत नाही. सोडून दिलेल्या खाणींत वटवाघळं थंडीची झोप घेतात. झोपमोड झाली की त्यांची साठवलेली चरबी खर्ची पडते आणि वसंतापर्यंत ती पुरत नाही. ब्रिटनमध्ये त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. अमेरिकेत २००६ पासून नाकावर पांढरी बुरशी आणणाऱ्या रोगानं लाखो वटवाघळं मारली, आणि ती बुरशी माणसाच्या कपड्या-बुटांवरूनही जाऊ शकते. त्यामुळे नवस बोलायचा तर पथ्यही आलं: हिवाळ्यात काही खाणी सोडून द्यायच्या, बूट धुवायचे, दारांना वटवाघळांपुरत्या आडव्या फटी ठेवायच्या. हे पथ्य ज्याला जाच वाटतं त्यानं आपण कोणत्या रांगेत उभे आहोत ते ओळखावं.

राहता राहिला आपला देश. राजस्थानातल्या झावरला मध्ययुगातच जस्त गाळलं जात होतं, तेही मोठ्या प्रमाणावर. युरोपात त्यासाठीचं पेटंट १७३८ मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं घेतलं. ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी १९८० च्या दशकात झावरच्या जुन्या कामांचा आणि भट्ट्यांचा अभ्यास केला, तेव्हा तिथल्या धातुकामाचं खरं मोठेपण जगासमोर आलं. कोलारच्या सोन्याच्या खाणी तर इंग्रजांच्या जॉन टेलर कंपनीनं १८८० नंतर चालवल्या, कॉर्नवॉलचे खाणकामगार तिथे आणले. कोलार तीन किलोमीटरहून खोल गेलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये तिथल्या खोल पातळीवर वातावरणातल्या न्यूट्रिनोंची नोंद केली, जगातल्या पहिल्यांपैकी. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली, पंप थांबले, खालून पाणी चढू लागलं.

आपल्याकडे हा छंद रुजलेला नाही, आणि तो जसाच्या तसा आणावा असं मी म्हणणार नाही. कोलारचे शाफ्ट पाण्यानं भरलेत, चंद्रपूर-वणीकडच्या जुन्या भुयारी कोळसा खाणी शौकिनांसाठी नाहीतच, आणि गोव्यातले लोहखनिजाचे खड्डे तळी झाली आहेत. तिथे कुणी उतरू नये. पण नवस फेडायला दर वेळी खाली उतरावंच लागतं असं नाही. २००१ मध्ये कोलारात शेवटच्या पाळीवर असलेली माणसं आज म्हातारी होत आहेत. कोणती पातळी कुठे वळते, कोणत्या वळणाला त्यांनी काय नाव ठेवलं होतं, कुठे छत कुरकुरायचं, कुठे जेवायला बसायचे, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि कंपनीच्या नकाशात नाही. ज्याला या विषयाची हौस आहे त्यानं वही घेऊन आधी त्यांच्या दारात जावं. शाफ्टचं पाणी थांबलेलं आहे, ते कुठे जात नाही. त्या माणसांचं तसं नाही.